कूलर उतरवण्याआधी जिन्याखालचे मीटर बघा

नागपुरातल्या फ्लॅट स्कीमचे अध्यक्ष, सचिव आणि समिती सदस्य यांस,

स.न.वि.वि.

संक्रांत आटोपली. आता होळी तोंडावर येईल, गच्चीवरचे आणि माळ्यावरचे कूलर खाली उतरतील, ताट्या बदलल्या जातील. मार्चअखेरच्या हिशेबासाठी तुमची एखादी बैठकही होईल. तिचे विषय न सांगता पाठ आहेत: बोअरवेलचा पंप, टाकीची सफाई, चौकीदाराचा पगार, कोणाची गाडी कोणाच्या जागेवर, आणि मेंटेनन्स थकवणारे तेच ते दोन फ्लॅट. यंदा त्यात आणखी एक विषय घ्या, एवढं सांगायला हे पत्र लिहितो आहे. विषय आहे घरात विजेमुळे लागणाऱ्या आगीचा.

मी औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत वीजतंत्री व्यवसायाचा शिल्पनिदेशक होतो. निवृत्तीनंतर दक्षिण नागपुरातल्या एका तीन मजली स्कीममध्ये राहतो. बोर्डातून जळका वास आला, लाइट फडफडायला लागले, एसी लावला की बटन पडायला लागलं, की आसपासच्या स्कीममधले लोक मला हाक मारतात. त्यामुळे बऱ्याच जिन्यांच्या खालची बाजू माझ्या बघण्यात आली आहे, आणि जे बघितलं ते तुमच्यापर्यंत पोचवणं भाग आहे असं वाटतं.

मागणी आधीच सांगतो. होळीच्या आत स्कीमची मीटरची जागा आणि प्रत्येक फ्लॅटचं वायरिंग परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडून, झाकणं उघडून, तपासून घ्या. जिन्याखाली जे साठवलं आहे ते हलवा. गच्चीच्या दाराची आणि चॅनल गेटची सोय अशी करा, की रात्री दोन वाजता किल्ली शोधत बसावं लागणार नाही. बस, एवढंच. उरलेलं पत्र हे का करायचं त्याबद्दल आहे.

पहिला प्रश्न हमखास येतो: हे महावितरणला लिहा, आम्हाला काय सांगता? मीटरपर्यंतची वायर महावितरणची, मीटरच्या पुढची आपली. सीलबंद मीटरला आपण हात लावायचा नाही, तिथे काही वावगं दिसलं तर १९१२ वर तक्रार करायची. पण मीटरमधून निघून तुमच्या तिसऱ्या मजल्यावर जाणारी केबल, तिच्यावरचा कटआउट म्हणजे फ्यूज, फ्लॅटमधला डीबी म्हणजे बटनांची मुख्य पेटी, त्यापुढचं सगळं, याची जबाबदारी दुसऱ्या कोणाचीच नाही. दुसरा प्रश्न अग्निशमन विभागाचा. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ खाली ज्या इमारती येतात त्यांना वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, आग विझवण्याची यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र द्यावं लागतं. ते पंपाचं, होजचं, सिलिंडरचं असतं. तुमच्या फ्रिजमागचा पिवळा पडलेला सॉकेट त्यात कोणी बघत नाही. आणि आपल्याकडच्या कित्येक स्कीम तर अपार्टमेंट डीडवर उभ्या आहेत, सहकारी सोसायटी नाहीत, म्हणजे वरून आपणहून विचारणाराही सहसा कोणी नाही. समितीने विचारलं तरच विचारलं जाईल.

आता जिन्याखाली चला. नव्वदच्या दशकात किंवा त्यानंतरच्या दहा-पंधरा वर्षांत बांधलेल्या आपल्या स्कीमचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. खाली पार्किंग, मधोमध एकच जिना, आणि जिन्याच्या पहिल्या वळणाखालच्या कोपऱ्यात ओळीने मीटर. बिल्डरला ती जागा फुकटची वाटली असणार. एका ठिकाणी पाहिलेलं सांगतो. पत्र्याच्या पेटीचं दार बिजागरीतून निसटून भिंतीला टेकवून ठेवलेलं. आत किटकॅट फ्यूजची रांग, त्यातल्या दोन चिनीमातीच्या पकडींवर कडेने काळपट तपकिरी डाग. एका पकडीत फ्यूज वायरच्या जागी केबलमधून सोललेला जाड तांब्याचा तार बांधलेला, म्हणजे तो फ्यूज आता कधीच उडणार नाही. खालून आलेली ॲल्युमिनिअमची केबल लग, म्हणजे टोकाला दाबून बसवायची धातूची टोपी, न लावता नुसती पिळून तांब्याच्या वायरीला जोडलेली आणि वर काळी टेप, जी उन्हाळ्यात वितळून ओघळली होती. पेटीच्या खाली गणपतीच्या मखराचं थर्माकोल, रंगाचे अर्धे डबे, पेपरची रद्दी आणि चौकीदाराची गादी. समोर चार स्कूटर, पेट्रोलसकट. आग विझवायचं सिलिंडर होतं, पण ते त्याच पेटीशेजारच्या खिळ्याला टांगलेलं. पेटी पेटली तर ते घ्यायला कोण जाणार?

तिथे ठिणगी पडली तर पुढे काय होतं ते समजून घ्या, कारण सगळा धोका तिथेच आहे. खाली पार्किंग उघडं आणि वर जिन्याची उभी पोकळी, म्हणजे धुराला आयतं धुराडं. वायरीचं आवरण पीव्हीसीचं. ते जळताना हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो, आणि तो डोळ्यांतल्या, घशातल्या ओलाव्यात मिसळला की आम्ल होतं. डोळे उघडत नाहीत, श्वास घेववत नाही. सोबत कार्बन मोनॉक्साइड असतोच. घरच्या आगीत माणसं भाजण्याआधी धुराने पडतात. वरच्या मजल्यावरचे लोक घाबरून जिन्याकडे धावतात, म्हणजे थेट धुरात. खाली जाता येत नाही म्हणून वर गच्चीकडे वळतात, तर गच्चीच्या दाराला कुलूप, कारण कोणीतरी तिथे वाळवणाच्या वड्या चोरीला गेल्याची तक्रार केली होती. आणि खाली कसंबसं पोचलेच तर चॅनल गेटला कुलूप.

बाल्कन्यांना चोरांच्या भीतीने ठोकलेल्या लोखंडी ग्रिलबद्दल वेगळं काय बोलायचं? निदान एका ग्रिलला आतून उघडणारी खिडकी ठेवा. वेल्डिंगवाल्याचं ते अर्ध्या दिवसाचं काम आहे.

ठिणगी मुळात का पडते, हा खरा मुद्दा. वर्तमानपत्रात 'शॉर्ट सर्किटमुळे आग' एवढं छापून येतं आणि विषय तिथेच मिटतो, जणू वीज पडावी तसं ते आकाशातून आलं. बहुतेक वेळा दोन वायरी एकमेकींना चिकटतात ती शेवटची पायरी असते. त्याआधी कित्येक महिने कुठेतरी एक स्क्रू ढिला असतो.

मुलांना मी हे फळ्यावर असं मांडायचो. जोड घट्ट असेल तर त्याचा रोध नगण्य असतो. स्क्रू ढिला झाला, तांब्यावर गंज चढला किंवा ॲल्युमिनिअम दबून पसरला, की तिथे रोध वाढतो. समजा तो अर्धा ओहम झाला. त्या जोडातून २ किलोवॅटचा गिझर चालतो आहे, म्हणजे साधारण ९ अँपिअर, हिशेबासाठी १० धरू. उष्णता निघते विद्युतप्रवाहाचा वर्ग गुणिले रोध: १० गुणिले १०, गुणिले अर्धा, म्हणजे ५० वॅट. दुकानात मिळणारं साधं सोल्डरिंग आयर्न २५ वॅटचं असतं. तशी दोन सोल्डरिंग आयर्न तुम्ही भिंतीतल्या प्लास्टिकच्या डब्यात चालू करून, वर झाकण लावून, आंघोळीला गेला आहात. आणि एमसीबीला, म्हणजे प्रवाह जास्त झाला की आपोआप पडणाऱ्या बटनाला, यातलं काहीही कळत नाही. त्याच्या दृष्टीने १० अँपिअर चालू आहेत, १६ चा एमसीबी आहे, सगळं ठीक आहे. वीज बाहेर गळली की पडणाऱ्या आरसीसीबीलाही कळत नाही, कारण गळती नाही. आवरण वितळून दोन वायरी उघड्या पडून भेटल्या, की मग एमसीबी पडतो. तोवर डब्यात ज्वाळा असू शकते.

म्हणूनच झाकण उघडून बघा असं मी म्हणतो. नवा महागडा एमसीबी बसवून ढिला स्क्रू घट्ट होत नाही.

ॲल्युमिनिअमचं जरा जास्त सांगतो. महाल, इतवारी, गांधीबाग, सीताबर्डीच्या जुन्या घरांत लाकडी पट्टीवरचं ॲल्युमिनिअम वायरिंग अजून आहे. पट्टी काढून टाकली असेल तरी आतल्या आत कुठेतरी जुना ॲल्युमिनिअमचा तुकडा नव्या तांब्याला पिळून जोडलेला असतो. ॲल्युमिनिअमवर हवेत क्षणात ऑक्साइडचा थर येतो आणि तो वीज वाहत नाही. शिवाय गरम-थंड होताना दोन्ही धातू वेगवेगळ्या प्रमाणात फुगतात. त्यामुळे आज घट्ट केलेला जोड दोन उन्हाळ्यांनी ढिला. जोडायचंच असेल तर दोन्ही धातूंसाठी बनवलेला बायमेटल लग वापरावा, नुसतं पिळू नये. शक्य असेल तर ती वायरच काढावी.

आणि २३ सप्टेंबर २०२३ ची पहाट ज्यांच्या घरी आली, त्यांनी तर जास्तच सावध राहायला हवं. अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीचं पाणी वस्त्यांत शिरलं, तळमजल्यांचे बोर्ड पाण्याखाली गेले. अनेकांनी पाणी ओसरल्यावर दोन-तीन दिवस उन्हात वाळवून तेच स्विच, तेच सॉकेट पुन्हा चालू केले. ते चालूही झाले. पण सॉकेटच्या आतल्या पितळी पात्यांवर चिखल आणि गंज बसला तो बसलाच. बुडालेले स्विच, सॉकेट, एमसीबी, आरसीसीबी धुऊन वापरायचे नसतात, बदलायचे असतात. ज्या स्कीममध्ये तेव्हा पाणी शिरलं होतं त्यांनी तपासणी तळमजल्यापासून सुरू करावी.

आता एमसीबीबद्दल. मे महिन्यात मला सर्वांत जास्त ऐकू येणारं वाक्य आहे: "सर, हे बटन सारखं पडून राहिलं जी. तुमच्या ओळखीच्या पोराले सांगा, थोडं मोठं लावून दे म्हणा." असं सांगणाऱ्या काकूंची चूक नाही. रात्री साडेअकराला एसी बंद पडतो, घरात तान्हं बाळ आहे, बाहेर अजून वाऱ्याची झुळूक नाही. पोरगा येतो, १६ चा काढून ३२ चा लावतो, दीडशे रुपये घेतो, बटन पडणं थांबतं, सगळे खूश.

एमसीबी एसीच्या रक्षणासाठी नसतो. तो भिंतीतल्या वायरीच्या रक्षणासाठी असतो. एमसीबी आपल्या आकड्याच्या १.१३ पट प्रवाह तासभर न पडता वाहू देतो आणि १.४५ पट झाला तर तासाभरात पडायला हवा, असं मानक आहे. १६ चा असेल तर तो साधारण १८ अँपिअरला शांत राहील आणि २३ ला तासाच्या आत पडेल. ३२ चा लावला की तोच ३६ ला शांत राहणार आणि ४६ ला तासाभर वाट बघणार. भिंतीत वायर मात्र तीच अडीच स्क्वेअरची, म्हणजे अडीच चौरस मिलिमीटर छेदाची. तिने ३६ अँपिअर बिनबोभाट वाहून न्यायचे असं आता आपण ठरवलं.

त्यात आपला नागपूरचा उन्हाळा. वायरीच्या क्षमतेचे आंतरराष्ट्रीय तक्ते हवेचं तापमान ३० अंश धरून केलेले असतात. साध्या पीव्हीसी वायरीच्या आतल्या तांब्याने ७० अंशांवर जाऊ नये अशी मर्यादा. मे महिन्यात बाहेर ४५ असताना वरच्या मजल्याच्या स्लॅबमधून जाणारा पाइप ५० अंशांच्या घरात असतो, म्हणजे वायर काम सुरू करण्याआधीच निम्मी गरम. अशा ठिकाणी तक्त्यातल्या २० अँपिअरच्या वायरीची क्षमता १४ वर येते. एकाच पाइपातून चार-सहा वायरी नेल्या असतील तर आणखी कमी. एमसीबीही ३० अंशांवर जुळवलेला असतो, म्हणून उन्हाळ्यात तो थोडा आधी पडतो. लोक म्हणतात खराब झाला. अहो, तो एकटाच नीट काम करतो आहे.

मग करायचं काय? एसी आणि गिझरला डीबीपासून वेगळी ४ स्क्वेअरची वायर, त्यावर वायरीला साजेसा एमसीबी, आणि १६ अँपिअरचा सॉकेट, किंवा सॉकेट काढून थेट जोडणी. वीज बिलावर छापलेला मंजूर भार बघा. जुन्या फ्लॅटच्या बिलावर एक-दोन किलोवॅटच सापडतात, आणि त्यावर आज दोन एसी, गिझर, इंडक्शन, मायक्रोवेव्ह चाललेलं असतं. भार वाढवून घ्या. बिलात थोडा फरक पडेल, पण मीटरपर्यंतची केबल निदान कागदावर तरी तुमच्या वापराच्या मापाची होईल. एसी बसवणारा माणूस कंपनीचा असो की ओळखीचा, त्याचं काम भिंतीतली वायर बघण्याचं नसतं. तो समोर दिसलेल्या सॉकेटमध्ये पिन खुपसून निघून जातो.

कूलरबद्दल लोकांचा उलटा समज असतो. कूलर फारशी वीज खात नाही, दीडशे-दोनशे वॅट, म्हणून त्याने वायर तापत नाही. त्याचा धोका वेगळा: लोखंडी बॉडी, आत पाणी, पाण्यात पंप, आणि पंपाची वायर कुठेतरी कुरतडलेली. विदर्भात दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणसं जातात, त्यात पाणी भरणारी मुलं असतात. तोच गळणारा प्रवाह ओल्या भिंतीतून वाट काढतो तेव्हा आगीचंही कारण होतो. हिशेब बघा: ३०० मिलीअँपिअर गळती, २३० व्होल्ट, म्हणजे एका जागी ६९ वॅट उष्णता. १६ च्या एमसीबीला ०.३ अँपिअर जाणवतही नाहीत. ते काम आरसीसीबीचं. माणसाच्या रक्षणासाठी ३० मिलीअँपिअरचा, आणि संपूर्ण इमारतीच्या मेनवर आगीपासून रक्षणासाठी ३०० चा, अशी अनेक देशांत पद्धत आहे.

आरसीसीबीचं आपल्याकडे काय होतं हे आतल्या माणसाला माहीत असतं. बिल्डरने बसवून दिलेला असतो. पुढे घरात इन्व्हर्टर येतो. बसवणारा घाईत दोन सर्किटचे न्यूट्रल, म्हणजे परतीच्या वायरी, एकत्र करतो. मग आरसीसीबी सारखा पडायला लागतो, पडायलाच हवा, कारण गेलेला प्रवाह त्याच वाटेने परत येत नाही. न्यूट्रल वेगळे करायला दोन तास लागतात आणि आरसीसीबी बायपास करायला दोन मिनिटं. त्यामुळे तुमच्या डीबीत तो दिमाखात बसलेला दिसतो, पण त्याच्यातून वीज जातच नाही. त्यावर 'टी' लिहिलेलं छोटं बटन असतं. आज घरी गेल्यावर ते दाबा. घर अंधारात गेलं नाही तर तो मेलेला आहे, नाहीतर शोभेपुरता आहे.

अर्थिंगचंही तसंच. नागपुरात खूप ठिकाणी काळी माती आहे. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि अर्थिंगच्या पाइपाभोवतीची माती सुटून जाते. नेमकं जेव्हा कूलर चालू असतात तेव्हाच अर्थिंग सर्वांत दुबळं. जुन्या लोकांची खड्ड्यात बादलीभर पाणी ओतायची सवय चांगली होती. आता अडचण ही, की पार्किंगला पेव्हर ब्लॉक बसवताना तो खड्डाच झाकला गेला. बहुतेक समित्यांना आपला अर्थिंगचा खड्डा कुठे आहे हे सांगता येत नाही. तपासणीच्या दिवशी ठेकेदाराला पहिला प्रश्न हा विचारा, आणि तो अर्थ टेस्टर घेऊन आला आहे का तेही बघा.

मीटरच्या पॅनलमध्ये न्यूट्रलचा जोड ढिला होणं ही आणखी एक गोष्ट, जी एका फ्लॅटची राहत नाही. तीन फेजच्या पॅनलमध्ये मुख्य न्यूट्रल सुटला, की ज्याच्या फेजवर भार कमी त्याच्या घरी २३० ऐवजी ३५० किंवा त्याहून जास्त व्होल्ट येऊ शकतात. टीव्ही, फ्रिज, चार्जर एकदम जातात, आणि त्यातला एखादा पेटतो. शेजाऱ्याच्या घरचे लाइट अचानक मंद आणि तुमचे अचानक भगभगीत झाले, तर गंमत बघत बसू नका, मेन पाडा.

घरातल्या बारीकसारीक पापांवर मी फार वेळ घालवत नाही, ती सगळ्यांना माहीत असतात. प्लग मिळाला नाही म्हणून सॉकेटच्या भोकात उघड्या वायरी घालून वर आगपेटीची काडी खोचणं. १६ च्या पिनेला कन्व्हर्टर लावून ६ च्या सॉकेटवर गिझर चालवणं. पलंगाखालून एक्स्टेंशन, त्यावर दुसरं एक्स्टेंशन. देवघराच्या समईशेजारी इन्व्हर्टरची बॅटरी, जी चार्ज होताना हायड्रोजन सोडते. पण एक नवं पाप सांगायला हवं, कारण ते पुन्हा जिन्याखालीच घडतं: इलेक्ट्रिक स्कूटर. मीटरपेटीच्या बाजूच्या लाइटच्या पॉइंटवरून वायर ओढून रात्रभर चार्जिंग. लिथिअम बॅटरी पेटली तर आग विझवायच्या घरगुती सिलिंडरला दाद देत नाही, विझल्यासारखी वाटून पुन्हा पेटते. चार्जिंगला बंदी घाला असं मी म्हणत नाही, गाड्या वाढणारच आहेत. जिन्यापासून दूर, उघड्या भिंतीवर, प्रत्येकाच्या मीटरवरून स्वतंत्र वायर आणि स्वतंत्र एमसीबी-आरसीसीबी देऊन पॉइंट काढून द्या. काढून दिला नाहीत तर ते चोरून घेतील आणि जिन्याखालूनच घेतील.

भाड्याने दिलेल्या फ्लॅटवर मात्र समितीने हात झटकू नयेत. मेडिकल चौक, नंदनवनकडे मुलं खोल्या घेऊन राहतात. एका खोलीत एक सॉकेट, त्यावर इंडक्शन, कूलर, तीन लॅपटॉप. घरमालक पुण्यात नाहीतर अमेरिकेत. भाडं वेळेवर येतं तोवर त्याला फोन करायचं कारण नाही, आणि मुलांना भिंत फोडायचा अधिकार नाही. धूर मात्र मालक कोण ते विचारून जिन्यात शिरत नाही. म्हणून तपासणी सगळ्या फ्लॅटची, मालक हजर असो वा नसो.

खर्चाचं म्हणाल तर स्कीमला बाहेरून रंग देताना समिती तीन-तीन कोटेशन मागवून महिनाभर चर्चा करते. तपासणीचा खर्च त्या रंगाच्या डब्यांपुढे किरकोळ आहे. काम कसं करून घ्यायचं तेही सांगतो, कारण 'सब ठीक आहे' असा कागद देऊन जाणारेही खूप आहेत. ठेकेदाराचा परवाना आणि वायरमनचं परमिट बघा. मेन बंद करून प्रत्येक बोर्डचं झाकण काढलं पाहिजे, प्रत्येक स्क्रू आवळला पाहिजे. मेगर या यंत्राने ५०० व्होल्टवर इन्सुलेशन, म्हणजे वायरीच्या आवरणाचा रोध, मोजलं पाहिजे, आणि ते १ मेगाओहमच्या खाली आलं तर ते सर्किट संशयित. मग एसी, गिझर चालू करून क्लॅम्प मीटरने प्रत्यक्ष अँपिअर मोजले पाहिजेत. प्रत्येक एमसीबीसमोर त्यामागची वायर किती स्क्वेअरची हे लिहून घ्या. हा कागद फ्लॅटनिहाय ठेवा. पुढच्या वेळी कोणी १६ चा ३२ करायला आला तर तो कागद त्याच्या हातात द्या.

दोन तपासण्यांच्या मधल्या काळात घरातल्या घरात एवढं तरी करता येतं: एसी अर्धा तास चालल्यावर प्लगच्या पाठीवर हाताची मागची बाजू टेकवून बघा. कोमट असेल तर ठीक, चटका बसला तर बंद. सॉकेटची भोकं तपकिरी पडणं, स्विचमधून चरचर आवाज, दिवा लावलेला नसताना मासळीसारखा नाहीतर जळक्या प्लास्टिकसारखा वास, हे सगळं 'उद्या बघू' या सदरात टाकायचं नाही.

आणि आग लागलीच तर, थोडक्यात. आधी मेन पाडा. वीज चालू असताना पाणी मारू नका. छोटी आग असेल तर एबीसी पावडरचं किंवा कार्बन डायऑक्साइडचं सिलिंडर, तेही बाहेर पडायची वाट तुमच्या पाठीशी असेल तरच. नसेल तर त्या खोलीचं दार ओढून घ्या आणि घरातल्यांना घेऊन निघा. लिफ्ट वापरू नका. दार उघडल्यावर जिन्यात धूर असेल तर जिन्यात उतरू नका. दार लावा, फटीत ओला टॉवेल कोंबा, बाल्कनीत या, १०१ किंवा ११२ लावा आणि मजला व फ्लॅटचा नंबर सांगा. हे सभेत एकदा मोठ्याने वाचून दाखवा, विशेषतः ज्यांचे आईवडील दिवसभर घरी एकटे असतात त्यांच्यासाठी.

सचिवांचा वेळ वाचावा म्हणून ठरावही लिहून देतो. हवा तसा बदला:

"असे ठरले की, होळीपूर्वी परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडून इमारतीचे मीटर पॅनल, मुख्य केबल, अर्थिंग व सर्व फ्लॅटमधील वायरिंग यांची तपासणी करून लेखी अहवाल घ्यावा. तपासणीचा खर्च सामायिक निधीतून करावा. फ्लॅटमधील दुरुस्तीचा खर्च संबंधित मालकाने अहवालापासून ३० दिवसांत करावा. जिन्याखालील सर्व साहित्य ८ दिवसांत हलवावे. त्यानंतर उरलेले समिती भंगारात देईल. मीटरसमोर वाहन लावण्यास मनाई राहील. गच्चीच्या दाराला आतून हाताने उघडणारी कडी बसवावी. चॅनल गेटच्या किल्ल्या प्रत्येक फ्लॅटला द्याव्यात. अग्निशामक सिलिंडर मीटर पॅनलजवळून काढून पहिल्या मजल्याच्या लँडिंगवर लावावे. इलेक्ट्रिक वाहनांसाठी स्वतंत्र चार्जिंग पॉइंटचे अंदाजपत्रक पुढील सभेत ठेवावे."

भंगाराच्या ओळीवर सभेत आवाज चढेल. चढू द्या, पण ती ओळ काढू नका. ती काढली तर थर्माकोल पुढच्या गणपतीपर्यंत तिथेच राहील.

आमच्या भागातल्या स्कीमनी तपासणीच्या दिवशी बोलावलं तर मी येईन. मानधन नको. फक्त मेन किती वाजता बंद करणार ते आदल्या दिवशी सूचना फलकावर लावा, आणि मीटरसमोरच्या गाड्या सकाळीच हलवून ठेवा.

आपला,
एक निवृत्त शिल्पनिदेशक (वीजतंत्री)
दक्षिण नागपूर